बाहेरच्यांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला नाही आणि बागेतला तर नाहीच. बागेतल्या बाकाचं नशीब थोर, तिथे माणसं आपखुशीने येऊन बसतात. मी फुटबॉलच्या मैदानाबाहेरचा बाक आहे. माझ्यावर जो बसतो त्याला मुळात बसायचंच नसतं. त्याचा जीव समोरच्या पांढऱ्या रेषेपलीकडे असतो आणि नुसतं अंग माझ्यावर टेकलेलं असतं. इतकी वर्षं मी अशा पोरांना जागा देत आलो, पण एकानेही कधी माझी विचारपूस केली नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्यावरून उठून कोणी मैदानात पळत गेलं, की मला बरं वाटतं.

माझा जन्म सुरतेतला, बमरोलीचा. छगन वेल्डरने मला घडवलं. लूमचं एक खातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, जुनी यंत्रं भंगारात काढत होतं. त्या लोखंडाचे त्याने मला पाय केले आणि नवापूरकडून आलेल्या सागाच्या दोन फळ्या वर ठोकल्या, तिसरी पाठीला. छगन तोंडाचा फटकळ, पण हाताने चांगला. काम झाल्यावर तो स्वतःच माझ्यावर धपकन बसला, हलून पाहिलं आणि खात्याच्या मालकाला म्हणाला, "हवे हाथी बेसाडो." आता खुशाल हत्ती बसवा, असं. हत्ती काही आला नाही. लूम चालवणारे कारागीर मात्र रोज आले. पाळी बदलताना ते खात्याच्या दारात माझ्यावर बसत, चहा पीत आणि गावाकडच्या गोष्टी बोलत. बहुतेक सगळे खानदेशातले. सुरतेत केस पांढरे झाले तरी कोणी विचारलं, की आपल्या गावाचं नाव सांगायचे. इथे त्यांची खोली होती आणि घर तिकडे होतं.

त्यांच्यातच राघो होता. त्याची बायको सरलाबाई पहिलटकरीण. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तशी तिची ओटी भरून तिला अमळनेरला धाडलं होतं. मुलगा झाल्याची बातमी फोनवर आली तेव्हा राघो माझ्यावरच बसला होता. त्याने सगळ्यांना पेढे वाटले. एक पेढा हातातून सुटून माझ्या फळीवर पडला, तोही त्याने उचलून खाल्ला. बाळ तीन महिन्यांचं झालं तशी सरलाबाई त्याला घेऊन बमरोलीच्या खोलीत परत आली. त्याचं नाव भूपेंद्र ठेवलं.

पुढे ते खातं बंद पडलं. राघो पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये लागला. माझी रवानगी भंगारातच व्हायची, पण बन्सीलाल आडवा आला. तोही त्याच खात्यातला कारागीर, फुटबॉलचं भारी वेड. मिलांच्या मागे एक ओसाड मैदान होतं. तिथे तो वस्तीतल्या पोरांना शिकवायचा. त्याने मला हातगाडीवर घालून तिकडे नेलं, निळा रंग दिला, आणि दसऱ्याला शिट्टी अन् चेंडूबरोबर माझीही पूजा केली. झेंडूची माळ माझ्या पाठीवर दोन दिवस होती. आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच, पण खरं झालं.

भूपेंद्र त्या मैदानावरच मोठा झाला. पोरगा किडकिडीत, पण डावा पाय असा, की चेंडूला जणू बोलावून घ्यायचा. बन्सीलाल सहसा कोणाची स्तुती करत नसे. तोही एकदा त्याला पाहून म्हणाला, "यानं काही शिकवायचं बाकी ठेवलं नाही." दिवसा भूपेंद्र कापड मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं बांधायचा आणि संध्याकाळी खेळायचा. या मैदानावर, या संघातून खेळायचं, एवढीच त्याची हौस होती. मुंबई-कोलकात्याचं स्वप्न त्याने पाहिलं नाही. बन्सीलालने एकदा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "माझी सगळी माणसं इथे बघायला येतात. तिकडे कोण येणार?"

मग शहरात लीग सुरू झाली. आमच्या गरीब संघाला एक शेठ मिळाला. नवे कपडे आले, जाळी आली, माझ्या डोक्यावर पत्र्याची शेड आली. शेठने आपला कारभार बघायला कुंदनभाईला नेमलं. हा कुंदन वाईट माणूस नव्हे. कामाची घाई असलेला माणूस, एवढंच. खेळाडूंची नोंदणी त्याने माझ्यावर बसूनच केली, मोबाइलवर. भूपेंद्रची पाळी आली तेव्हा तो सरावात होता. राघो पोराचा खेळ बघायला आला होता. कुंदनने त्यालाच विचारलं, "काका, गाम कयुं?"

मित्रांनो, इथे बाप काय उत्तर देणार? पंचवीस वर्षं जे देत आला तेच. राघो ताठ बसला आणि म्हणाला, "आमनं गाव पिंपळं. तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव. घर शे तठे, वावर शे." कुंदनने मान हलवली आणि अंगठ्याने काहीतरी दाबलं. त्या क्षणी भूपेंद्र कागदोपत्री बाहेरचा झाला. पिंपळ्याला तो गेला होता ते लग्नकार्यापुरता आणि उन्हाळ्याच्या सुटीत, तेही लहानपणी. पण त्याने काही बिघडलं नाही, कारण पहिल्या वर्षी बाहेरच्यांवर बंधनच नव्हतं. भूपेंद्र पोटभर खेळला. मी रिकामा राहिलो आणि सुखात राहिलो.

त्याच वर्षी शेठने घानाचा क्वेसी आणला. उंच, हसरा, हाडापेराने मजबूत. पुढच्या फळीत तो आणि बाजूने भूपेंद्र, अशी जोडी जमली. क्वेसीला एकट्याने जेवायचा कंटाळा, म्हणून भूपेंद्र त्याला घरी घेऊन गेला. सरलाबाई घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. तिने हातातली साडी बाजूला ठेवून त्याला कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी काढायचं असा तिचा बेत होता म्हणे. क्वेसीने ठेचा परत मागून घेतला. त्या दिवसापासून तो त्या घरचा झाला. हे सगळं मला सरावानंतर दोघं बूट काढताना हसत हसत बोलायचे त्यातून कळलं.

दुसऱ्या वर्षी नियम कडक झाला. इथल्या पोरांना संधी मिळावी म्हणून मैदानात एका वेळी बाहेरचे दोघेच खेळतील असं ठरलं. परदेशी खेळाडू प्रत्येक संघात एकच. परराज्यातला माणूसही बाहेरचाच. हेतू चांगला होता, मी नाव ठेवणार नाही. पण आमचा गोलरक्षक केरळचा, त्याला हलवता येत नाही. क्वेसीवर शेठने भरवसा टाकलेला, त्यालाही हलवता येत नाही. झाले दोन. तिसरा भूपेंद्र. तो आत जाणार कधी, तर या दोघांपैकी एक बाहेर येईल तेव्हा.

राघो मिलमधून तसाच धावत आला. हात निळे, कपाळावर निळी बोटं उमटलेली. "साहेब, पोरगा इथला आहे. गावाचं मी नुसतं सवयीनं बोललो," असं तो कुंदनला सांगत राहिला. कुंदनने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, जन्म कुठला? जन्म सुरतचा असेल तर मी आत्ता बदलून देतो."  जन्म अमळनेरच्या दवाखान्यातला होता. रीत पाळली होती ना सगळ्यांनी. त्या दिवशी राघो माझ्यावर बराच वेळ बसला. पेढे वाटताना ज्या बाजूला बसला होता तिथेच.

असा भूपेंद्र माझ्या वाट्याला आला. मित्रांनो, मी खूप माणसं बसलेली पाहिली आहेत. नवखं पोर टोकावर बसतं, म्हातारा खेळाडू पाठ टेकतो, रुसलेला माझ्याकडे पाठ फिरवतो. भूपेंद्र फळीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचा. सामन्यामागून सामना तो पूर्ण कपड्यांत, बुटाच्या नाड्या आवळून बसला आणि तसाच घरी गेला. सरलाबाई रविवारी यायची. तिला खेळातलं कळत नव्हतं. मुलगा आत नाही एवढंच दिसायचं. "तू काही चूक करी का?" तिने एकदा विचारलं. तो म्हणाला, "नही माय." 

क्वेसीचं आणि त्याचं अजून पटत होतं. पण माझ्यावर बसून दिवस काढले की मनात काय काय उगवतं ते मला ठाऊक आहे. दोष बसणाऱ्याचा नसतो. एका जागेवर दोन मित्र उभे केले, की दुसरं काय होणार? एका सामन्यात क्वेसी चेंडू घेऊन आमच्यासमोरून सुसाट गेला आणि भूपेंद्र तोंडातल्या तोंडात बोलला, "पड ना रे एकदा." बोलला आणि स्वतःच दचकला. शेजारी कोणी नव्हतं. ते माझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही, आणि मला कान असतात असं कोणाला वाटत नाही.

क्वेसी पडला तो उपांत्य सामन्यात. हजीऱ्याकडच्या एका कारखान्याचा संघ समोर होता. कोणी त्याला पाडलं नाही. उडी मारून खाली येताना त्याचा गुडघा आत वळला आणि तो ओरडला.  बन्सीलालने मागे वळून हाक मारली, "भूपेंद्र, जा." तो उठला तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उठतानाही त्याने फळीची कड लगेच सोडली नाही.

तो वाईट खेळला नाही. उलट चांगला खेळला. शेवटी शेवटी डाव्या पायाने त्याने जो चेंडू आत टाकला त्यावर गोल झाला आणि आम्ही जिंकलो. पोरांनी त्याला उचललं, शेठने पाठ थोपटली. राघो पत्र्याच्या शेडखाली उभा राहून रडत होता, आनंदाने. भूपेंद्र मात्र गर्दीतून सुटून माझ्याकडे आला. क्वेसी माझ्यावर पाय लांब करून पडला होता, गुडघ्याला बर्फ बांधलेला. भूपेंद्र वर बसला नाही. खाली मातीत बसला.

"मैंने मांगा था," तो म्हणाला. "तू गिर जाए, ऐसा मैंने मांगा था."

क्वेसीने डोळे उघडले. त्याला रागावायचा हक्क होता. पण तो थकल्यासारखा म्हणाला, "मैंने भी मांगा था. पहले, दूसरे क्लब में. उधर भी एक ही जगह थी." मग त्याने हात खाली करून भूपेंद्रच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवला. मी खूप जुना आहे, पण इतकं जड वजन माझ्यावर कधी आलं नव्हतं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. गुडघा बरा व्हायला पुढचा हंगामही जाणार असं डॉक्टर म्हणाला. परदेशी माणसाची जागा एकच, ती दुखऱ्या पायाने अडवून ठेवायला शेठ तयार नव्हता. "आ पांजरापोळ नथी," तो कुंदनला म्हणाला. पांजरापोळ म्हणजे थकली-भागली जनावरं पोसायची जागा. क्वेसीचा करार मोडला, आणि करार मोडला म्हणजे देशात राहायचं कारणही मोडलं. जायच्या आदल्या संध्याकाळी तो कुबडी घेऊन मैदानावर आला, माझ्यावर बसून रिकाम्या गोलकडे बघत राहिला. सरलाबाईने त्याच्यासाठी ठेचा बरणीत भरून आणला होता. "विमानमा लई जाऊ देतीन ना?" एवढंच ती पुन्हापुन्हा विचारत होती.

आता जागा भूपेंद्रची, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. राघोने तर मिलमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की अंतिम सामन्याला या. पण शेठने दुसऱ्या एका संघाकडून त्यांचा परदेशी खेळाडू उसना घेतला. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसे खेळाडूही उसने आणतात, मित्रांनो. फरक काहीच नाही, साखरेला कोणी विचारत नाही आणि खेळाडूलाही नाही. बाहेरचे पुन्हा दोन झाले आणि भूपेंद्र पुन्हा तिसरा. तेव्हा कुंदनने डोकं चालवलं. धुळ्याकडच्या एका क्लबला डाव्या पायाचा खेळाडू हवा होता. भूपेंद्रलाही तिकडच्या हंगामापुरता उसना द्यायचा. "तिकडे तो तिथलाच ना," कुंदन म्हणाला, "तिकडे नियमाची अडचणच नाही. रोज खेळेल." तो मनापासून बोलत होता.

बन्सीलालने एकदा विरोध करून पाहिला. पण आता संघ शेठचा होता आणि बन्सीलालही पगारावर होता. राघोला मात्र ते पटलं. त्याला तर त्यात देवाचा हात दिसला. राघो, सरलाबाई आणि मधे भूपेंद्र, असे तिघं माझ्यावर बसले होते.

"आपलाच मुलूख शे तो," राघो म्हणाला.

"तुमना मुलूख व्हई," सरलाबाई म्हणाली. "पोऱ्याना नही. त्यानं कोन शे तठे?"

 आयुष्यभर ज्या गावाचं नाव राघोने अभिमानाने सांगितलं, तिथे आपल्या मुलाचं कोणी नाही, हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं असावं. भूपेंद्र म्हणाला, "जातो ना, अप्पा. खेळायला तर मिळेल." आणि तो गेला. अंतिम सामना आम्ही हरलो. पण ती गोष्ट आता कोणाला सांगावीशी वाटत नाही.

त्यानंतर माझ्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. रंग उडाला, एक फळी मधोमध चिरली. नवा हंगाम आला, की मला काढून प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवायच्या असं शेठ बोलतो. बन्सीलाल येतो, पण आता तो उभाच राहतो. मला त्याचं फारसं दुःख नाही. भंगारातून आलो, भंगारात जाईन.

परवाच्या रविवारी मात्र सरलाबाई आली. खोलीत शेजारच्या लूमच्या आवाजात फोनवरचं काही ऐकू येत नाही, म्हणून भूपेंद्रशी बोलायला ती मैदानावर येते. चिरलेली फळी टाळून ती कडेला बसली. फोन वाजला. तिने तो कानाला लावला नाही, समोर धरला, कारण आवाज मोठा केला होता.

"जेवना का रे?"

"जेवनू, माय."

"आज खेळना का?"

 "नही. बठेल शे."

"का बरं?"

"आठे मी बाहेरना, माय. सुरतना म्हनतस माले."

तिकडच्या स्पर्धेतही बाहेरच्यांना मोजतात आणि तिथे जन्म बघत नाहीत, माणूस राहतो कुठे ते बघतात. त्याच्या आधारकार्डावर बमरोलीची खोली आहे. कुंदनला ते ठाऊक नव्हतं आणि विचारायला त्याला सवड नव्हती. सरलाबाईला यातलं काही कळलं नाही, आणि कळून तिने काय केलं असतं? तिने हाताने माझी फळी चाचपली आणि बराच विचार करून विचारलं, "तठे ऊन लागस का?"

"नही," तो म्हणाला. "वर पत्रा शे."

ती बरं म्हणाली. फोन बंद झाला तरी तिने तो तसाच समोर धरून ठेवला होता.

तर मित्रांनो, माझी गोष्ट संपली. जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही ना काही मागतात. मला रंग नको, खिळे नकोत, दसऱ्याची माळही नको. तुमच्यापैकी कोणी धुळ्याकडचं असेल, तर तिथल्या मैदानावर जाऊन पत्र्याखालच्या त्या बाकाला माझा निरोप द्या. त्याला सांगा, की फळीची कड धरून जो बसतो तो आमचा भूपेंद्र. त्याचा डावा पाय सामना संपेपर्यंत हलत असतो, त्याला हलू दे. तो कोणाशी बोलणार नाही, त्याला बोलतं करायला जाऊ नकोस. तोंडातल्या तोंडात कोणाचं वाईट चिंतलं, तर ऐकलं नाही असं समज. आणि एवढं कर, त्याला तुझी सवय होऊ देऊ नकोस.